काळे कोट आणि माझा ताप

परदेशात शिकायला गेलेल्या माणसानं परतताना दोन गोष्टी आणाव्यात, असं माझं ठाम मत होतं. एक पदवी आणि दुसरे रात्रींचे किस्से. किस्स्यांच्या बाबतीत पाच महिन्यांनंतरही माझी पाटी कोरी होती. रोज साडेनऊला मी पांघरुणात. म्हणून त्या गुरुवारी मी रूममेटला जाहीर केलं, ‘‘आज मी तुझ्याबरोबर नाइट क्लबला येतोय. तू फक्त बघत राहा.’’

अडचण एकच होती. शुक्रवारी सकाळी दहाला माझ्या मार्गदर्शक मॅडमना प्रबंधाचा मसुदा द्यायचा होता. तो पाहून त्या माझ्या अर्जावर सही करणार आणि सही झाली तरच त्यांच्या प्रयोगशाळेत मला जागा. नाही झाली तर दुसऱ्या वर्षाला मला कुणी वाली नव्हता, सरळ गाशा गुंडाळून घरी. मसुद्याची अडीच पानं झाली होती. मी मेल टाकला : मला सणसणून ताप भरला आहे, मसुद्याला चार दिवस द्यावेत, सहीला मात्र कसाही येईन. पाच मिनिटांत उत्तर आलं : ‘काळजी घे. उद्या ये, सही करते. आता झोप.’ इतक्या मायेनं कुणी विश्वास ठेवला की मनाला लागतं. मलाही लागलं, पण तोवर शर्टाला इस्त्री करून झाली होती.

पांढरा शर्ट, काळी पँट, काळे चकचकीत बूट. आईनं मुलाखतींसाठी शिवून घेतलेला हा जोड, याहून भारी माझ्याकडे काही नव्हतं. रूममेट म्हणाला, ‘‘नऊच्या आधी तिथं कुत्रंही फिरकत नाही. मी अकराला येईन.’’ पण तिकिटावर साडेआठ छापलं होतं आणि आमच्या घरात वेळ म्हणजे वेळ. आठ पंचविसाला मी दारात हजर!

आत एक माणूस फरशी पुसत होता आणि टाय लावलेला मॅनेजर घड्याळ बघत होता. मला पाहताच तो खेकसला, ‘‘ही यायची वेळ झाली? जा, काउंटरमागे उभा राहा.’’

आता टाय लावलेला माणूस ओरडला की ‘सॉरी सर’ म्हणायचं, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मी सॉरी सर म्हणालो आणि काउंटरमागे जाऊन उभा राहिलो. पाहुण्यांना इथं असंच ताटकळत ठेवत असतील, म्हटलं.

थोड्या वेळानं एक वयस्कर बाई आल्या आणि त्यांनी आपला जड कोट माझ्या हातात दिला. मोठ्या माणसाच्या हातातलं ओझं घ्यायला काय हरकत आहे? मी घेतला. मागून त्यांच्या यजमानांनी दिला. मग कुणीही देऊ लागलं. कोट सांभाळायला त्याच दिवशी नव्यानं रुजू होणारा कुणीतरी आलेला नाही आणि माझ्या पांढऱ्या-काळ्या कपड्यांमुळे त्याच्या जागी मी उभा आहे, हे ध्यानात येईपर्यंत माझ्या हातांवर अकरा कोट होते. एवढ्यांचे कपडे टाकून पळायचं कसं? मॅनेजरला सांगायला गेलो तर ढोलताशा लाजेल अशा आवाजात त्याला काही ऐकूच येईना.

शेवटी बाह्या सरसावल्या. वडिलांचं कापडाचं दुकान आहे, सुट्ट्यांमध्ये मी तिथं राबलोय. मागे हँगर होते, पण हँगरवर कपडा खांद्यात ओढतो. मी प्रत्येक कोटाची सुरेख चौकोनी घडी घातली आणि दुकानातल्यासारखे रंगांप्रमाणे गठ्ठे लावले. दहापर्यंत गठ्ठे तयार होते : एक लाल कोट, दोन करडे आणि एकशे सदतीस काळे. आल्यावर काढून ठेवलेला माझाही काळाच होता, तोही त्यातच घडी होऊन गेला.

अकराला रूममेट आला. मला काउंटरमागे पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो म्हणाला, ‘‘माझापण ठेव,’’ आणि कोट टाकून नाचायला गेला. असे मित्र परदेशातच मिळतात असं नाही.

त्याच्या मागे पाहिलं, तर... मॅडम! पाच महिन्यांत पांढऱ्या एप्रनशिवाय न दिसलेल्या मॅडम, चंदेरी ड्रेस घालून, मैत्रिणींबरोबर खिदळत. मी धाडकन काउंटरखाली बसलो आणि फक्त एक हात वर केला. हातावर कोट पडला. त्या पुढे गेल्या.

खाली बसल्या बसल्या मला एक डबा दिसला. उघडला. आत आकड्यांचे दोनशे बिल्ले होते, प्रत्येक कोटामागे एक द्यायचा असे. मी एकही दिला नव्हता.

मध्यरात्रीनंतर सगळे एकदम परतले.

‘‘माझा काळा.’’

‘‘कसा काळा?’’

‘‘काळा म्हणजे काळा. दोन खिसे आहेत.’’

सगळ्यांनाच दोन खिसे होते. लोक घड्या उलगडू लागले, बाह्यांत हात घालून बघू लागले, दोघांनी एकच कोट दोन बाजूंनी ओढला. त्या गर्दीत मॅडमचा आवाज आला, ‘‘लांब, काळा.’’ मी तोंडापुढे गठ्ठा धरला आणि हाताला लागला तो लांब काळा कोट पुढे केला. त्या थँक्यू म्हणून गेल्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सगळं पांगल्यावर मॅनेजर आला आणि म्हणाला, ‘‘उद्यापासून येऊ नकोस.’’ जिथं लागलोच नव्हतो, त्या नोकरीवरून मला काढलं. शिल्लक राहिलेला एकुलता एक कोट माझा नव्हता, पण बाहेर हाडं गोठत होती. तोच घालून घरी गेलो.

सकाळी दहाला मॅडमच्या खोलीत. त्या पुन्हा एप्रनमध्ये. रात्री माझा चेहरा त्यांना दिसलाच नव्हता, याची मी वाटेत शंभरदा खात्री करून घेतली होती.

‘‘कसा आहे ताप?’’

‘‘उतरतोय, मॅडम.’’ मी खोकलोसुद्धा.

त्यांनी अर्ज ओढला, पेन उघडलं आणि सही करायला लागल्या. निम्मं नाव झालं आणि त्यांचं लक्ष माझ्या अंगावरच्या कोटाकडे गेलं. पेन थांबलं. मग त्यांनी दाराच्या खुंटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथं माझा कोट होता. कॉलरच्या आत आईनं धुण्यात हरवू नये म्हणून जाड मार्करनं माझं पूर्ण नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. ते टेबलापासूनही वाचता येत होतं.

मी मुकाट्यानं कोट काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ‘‘मसुदा आज पाचपर्यंत. पूर्ण. उरलेली सही तेव्हा.’’

‘‘हो, मॅडम.’’

मी दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. ‘‘आणि एक खरं सांग. तुझा ताप दुसऱ्याला लागणारा आहे का? मी तुझा कोट घालून घरी गेले.’’

‘‘नाही, मॅडम,’’ मी म्हणालो. दोन दिवसांत मी त्यांच्याशी तेवढंच एक खरं बोललो.