किटलीची टोपी घातलेला बिशप

"हात वर कर. वर म्हटलं ना! आता दुसरा," बार्टली फ्लॅहर्टी म्हणाला, आणि बिशपने दुसरा हात, म्हणजे पुढचा उजवा पाय, मोठ्या नाराजीने स्वेटरच्या बाहीत घातला.

बिशप हा कुत्रा होता. अंगाने वासराएवढा, चेहऱ्याने प्रवचनाला उभ्या राहिलेल्या धर्मगुरूसारखा गंभीर, आणि काळजाने ससा. गेल्या हॅलोविनला धक्क्यावर कुणीतरी एक फटाका वाजवला. एकच. बिशप जो पळाला तो तिसऱ्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला दीपगृहाच्या पायथ्याशी सापडला, चारही पंजे सोललेले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई बोटीने आल्या, छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "आणखी एक असा धसका बसला, तर हा उठायचा नाही."

आणि यंदा गुत्तेवाल्या फेस्टीने रॉकेटांचं अख्खं खोकं आणलं होतं. बरोबर सात वाजता, धक्क्यावरून.

"यंदा तू घरी बसायचं," बार्टलीच्या बायकोने, डेलियाने, सांगितलं. "कुत्र्याजवळ. शपथ घे."

बार्टलीने शपथ घेतली. पण घेताना त्याचं लक्ष दाराकडे होतं, कारण आमच्या बेटावर हॅलोविनला पोरं संध्याकाळी दारोदार खाऊ मागत फिरतात. गुत्ता मात्र मोठ्यांचा असतो. मोठी माणसं तोंड झाकून, सोंग घेऊन फेस्टीच्या गुत्त्यात येतात आणि एक शब्द बोलत नाहीत. बोललात की ओळखले गेलात, ओळखले गेलात की संपलात. बघणाऱ्याला अख्ख्या संध्याकाळी एकच नाव घेता येतं. बरोबर निघालं तर सोंगाने मुखवटा काढायचा, चुकलं तर मान हलवायची. आणि ज्याच्यापुढे सगळा गुत्ता हरला त्याला जो ओळखेल, त्याची एक मागणी फेस्टीने पुरी करायची. बार्टलीला एकोणीस वर्षांत कुणी ओळखलेलं नव्हतं. वीस झाली की गुत्त्यातल्या फळीवर नाव रंगवणार होते.

डेलिया सोंग घेण्यासाठी बहिणीकडे गेली, आणि बार्टलीने डॉक्टरीणबाईंचा कागद काढला. घट्ट गुंडाळा, कान झाका, पडदे ओढा, रेडिओ लावा, मुलांना दार वाजवू देऊ नका. बार्टली अर्धवट काम करणाऱ्यांतला नव्हता. त्याने बिशपला स्वतःचा स्वेटर घातला. मागे उघडं राहिलं म्हणून थंडीतला लोकरी पायजमा चढवला. कानांवर, चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात ती विणलेली टोपी बसवली. किटलीच्या तोटीसाठी जे भोक असतं, त्यातून बिशपचं नाक अगदी मापात बाहेर आलं.

"अर्धा तास रे राजा," बार्टली त्याला म्हणाला. "सव्वासहाला गेलो, पावणेसातला परत. डेलियाला कळणारसुद्धा नाही."

फाटकाशी त्याने सफरचंद आणि शेंगांची टोपली ठेवली. मग सासूच्या पेटीतला तांबडा घागरा नेसला, काळी शाल घेतली, तोंडावर खिडकीचा जाळीचा पडदा सोडला आणि निघाला. दाराला कुलूप लावायचा प्रश्न नव्हता. त्या दाराची किल्ली त्याच्या आजोबांनी समुद्रात टाकली होती; बेटावर कुलूप लावणाऱ्या घराला लोक नावं ठेवतात.

पोरांची पहिली टोळी आली आणि टोपलीसकट खाऊ घेऊन गेली. दुसऱ्या टोळीला फाटकाशी काही दिसेना, तेव्हा शहाण्या मुलांसारखी ती दाराशी गेली, आणि बेटाच्या रीतीप्रमाणे दार उघडून "काका, आहात का?" म्हणाली. काका नव्हते. चहाच्या किटलीची टोपी घातलेलं एक प्रकरण मात्र त्यांच्या मधून शांतपणे बाहेर पडलं आणि मालकाच्या वासावर चालू लागलं.

गुत्त्यात धूर होता, दोन कंदील होते, आणि भिंतीला टेकून बार्टली उभा होता. तेवढ्यात दार ढकलून बिशप आत आला. बार्टलीने तोंडावरचा पडदा आणखी खाली ओढला. घड्याळात साडेसहा.

"आई शपथ!" मॅकदारा ओरडला. हा बार्टलीचा एकोणीस वर्षांचा वैरी. "हे बघा, चार पायांवर आलाय! स्वेटर ओळखलात का? कोपरावरचा टाका चुकलाय. असा टाका डेलियाच चुकते."

"बार्टली काय स्वतःचा स्वेटर घालून येईल?" फेस्टी म्हणाला. "खुळा आहे का तो?"

"तीच तर त्याची लबाडी! आपण म्हणणार, स्वतःचा कोण घालेल? म्हणून घातला!" मॅकदाराने बिशपच्या पाठीवर थाप मारली. "बार्टली फ्लॅहर्टी! काढ ते नाक!"

टोपीची लोकर कानाला टोचत होती. बिशपने जोरात मान हलवली.

"गेलं तुझं नाव फुकट," म्हातारी नॅपी आनंदाने म्हणाली. "अरे, वास बघा ना. माशांचा आहे. होडीवाला पीटर!"

बिशपने मान हलवली.

कुणी म्हणालं शाळामास्तर, कारण सोंग सगळ्यांकडे नापास केल्यासारखं बघतंय. फेस्टीने खाली दारूची बशी ठेवली. बिशपने हुंगून तोंड फिरवलं.

"दारू नको म्हणतोय? मग बेटावर असा एकच माणूस. फादर मॅलकी!"

"मी इथे बसलोय," कोपऱ्यातून फादर मॅलकी म्हणाले. "आणि फेस्टी, तुझंही नाव गेलं."

फादर मॅलकींसकट बाकीच्यांची नावंही अशीच एकेक करून गेली, आणि घड्याळ पुढे सरकत राहिलं. बार्टलीला वाटलं, उडी मारून कुत्र्याला उचलावं आणि पळावं. पण कुत्रा उचलला की सगळं उघडं पडणार. तेवढ्यात बिशपलाच मालक सापडला. तो तरातरा आला आणि सुस्कारा सोडून बार्टलीच्या पावलांवर, घागऱ्यात डोकं खुपसून, आडवा झाला.

सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. "ही तांबड्या घागऱ्याची म्हातारी कोण?" मॅकदारा सावकाश म्हणाला. "कुणाचं नाव शिल्लक आहे?"

एकमेकांकडे बघून सगळ्यांनी हात झाडले. एकूण एक नाव त्या कुत्र्यावर खर्च झालं होतं. बार्टलीची वीस वर्षं पुरी झाली होती! त्याने पडद्याआड हसायला तोंड उघडलं, आणि फेस्टी काड्यापेटी खिशात घालून उठला. "चला, पाच मिनिटं राहिली. रॉकेट लावू."

पाच मिनिटांत कुत्र्याला घरी नेणं शक्य नव्हतं. बार्टली एका ढांगेत दाराशी. त्याने दोन्ही हात पसरले, मान हलवली, आभाळाकडे बोट दाखवलं, कान झाकले, छातीवर हात दाबून मरून दाखवलं.

"आजीबाईंना नाचायचंय!" फेस्टी म्हणाला आणि त्याला कमरेला धरून दोन गिरक्या देऊन बाजूला ठेवलं.

बिशपने डोकं वर काढलं. त्याचे डोळे बार्टलीवर होते. गेल्या वर्षी दीपगृहापासून घरापर्यंत बार्टलीने त्याला खांद्यावर आणलं, तेव्हा होते तसेच. बार्टलीने एकोणीस वर्षांकडे एकदा बघितलं, पडदा मुठीत धरला आणि ओरडण्यासाठी छातीभर श्वास घेतला.

"बिशप!"

पण ओरडला तो बार्टली नव्हे. आताच दारातून आत आलेला, तेलकट कोट आणि मिशा लावलेला एक कोळी ओरडला होता. आवाज मात्र डेलियाचा होता.

बिशपची शेपटी पायजम्यात धाडधाड आपटू लागली. डेलियाने मिशी उपटून खिशात टाकली, गुडघ्यावर बसून किटलीची टोपी काढली, आणि आतून दोन कान बाहेर आले.

"कुत्रा!" मॅकदारा मटकन बसला. "मी कुत्र्याला बार्टली म्हणालो!"

"एवढी वर्षं शेजारी राहून," नॅपी म्हणाली, "तुला फरक कळू नये?"

"ओळखलं की नाही मी?" डेलिया उठली. "तुम्ही सगळे हरलात, दाराबाहेरपर्यंत ऐकू आलं. आता माझी मागणी. फेस्टी, ते खोकं बंद. यंदा नाही आणि यापुढेही नाही."

"अगं, पण एवढी आणलीत ती..."

"रीत म्हणजे रीत," फादर मॅलकी म्हणाले. फेस्टीने काड्यापेटी टेबलावर ठेवली. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी टाळ्यांबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण बिशपला त्या आवडल्या. त्याला टेबलावर बसवून अख्ख्या गुत्त्याने त्याच्या नावाने पेले उंचावले.

डेलिया तांबड्या घागऱ्यासमोर आली. स्वतःच्या आईचा घागरा ती ओळखणार नाही? तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"माझ्या वाटणीचं एक नाव घेऊन झालंय," ती मोठ्याने म्हणाली. "तेव्हा ह्या आजी कोण ते मला ठाऊक नाही. आजीबाई, तेवढं माझं कुत्रं घरी पोचवता? मला नाचायचंय." मग पडद्याशी तोंड नेऊन हळूच, "ओरडणार होतास. बघितलं मी. म्हणून आज घरात घेणार आहे."

दुसऱ्या दिवशी फेस्टी रंगाचा डबा घेऊन फळीपुढे उभा होता. "बार्टली, काल होतास की नाही? वीस लिहायचे का?"

बार्टलीने तोंड उघडलं.

"तो कसा असेल?" डेलिया गोड हसली. "तो घरी होता. शपथ घेतली होती त्याने. हो ना रे?"

बार्टलीने तोंड मिटलं, आणि मान हलवली. होकारार्थी.

"मग सर्वांत भारी सोंग त्या म्हातारीचंच," फेस्टी म्हणाला. "कुणाला पत्ता लागला नाही. बेटावरच्या सगळ्या म्हाताऱ्या मोजल्या मी, एकही उरत नाही." आणि त्याने फळीवर ठळक अक्षरांत रंगवलं: 'तांबड्या घागऱ्याची म्हातारी. कोण, देव जाणे.' खाली, जरा लहान अक्षरांत: 'बिशप.'

ती फळी अजून आहे. बार्टली रोज संध्याकाळी तिच्यासमोरच्या बाकावर बसतो, पायांवर कुत्रा घेऊन, आणि नवीन माणूस आला की विचारतो, "काय हो, ही म्हातारी कोण असेल, तुम्हाला काय वाटतं?" समोरच्याला उत्तर येत नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते फळीवर स्वतःचं नाव असलेल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही.