कारभारीतात्यांची ठासलेली बंदूक

निवडणूक लागली आणि कारभारीतात्यांच्या बंदुकीला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. परवान्याची हत्यारं निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा ठेवायची, असा नियमच आहे. आज शेवटचा दिवस होता. आज बंदूक जमा झाली नाही तर परवाना जाणार होता. आणि परवाना गेला की दिंडोरीकडच्या त्या मळ्यांमध्ये त्यांना 'बंदूकवाले तात्या' म्हणणारं कोणी उरणार नव्हतं.

बंदूक वडिलांच्या वेळची, ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, असं सगळं लोखंडी गजानं हातानंच ठासायचं. या विषयावर तात्या चहाच्या टपरीवर कितीही वेळ बोलू शकत. "ठासनं म्हंजे भाकर थापन्यासारखं हे. हात हलका पडला तर बार फुसका, जड पडला तर खांदा गेला! आन बोळा जुन्या धोतराचाच पायजे. टेरिकॉट चालत नाय." ऐकणारे माना डोलवत. मक्यात रानडुकरं शिरली की तात्यांच्या मळ्यातून धाडदिशी बार व्हायचा, डुकरं पळायची आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर तात्यांना चहा फुकट मिळायचा.

खरी गोष्ट तात्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. तरुणपणी त्यांनी एकच बार काढला होता. त्या दणक्यानं ते मागच्या पाटात जाऊन पडले, खांदा टम्म सुजला आणि तेव्हापासून त्यांना बंदुकीची मनापासून भीती वाटे. मळ्यातला बार सुतळी बॉम्बचा असे. दिवाळीत नातवंडांच्या नावावर घेतलेला साठा धान्याच्या कोठीमागे दडवलेला होता.

तर अशी ती बंदूक घेऊन तात्या पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ठाण्यात आले. पुतण्या अमोल सातपूरला कारखान्यात कामाला. हवालदार उज्वलाबाईंनी बंदूक टेबलावर घेतली.

"रिकामी आहे ना, तात्या?"

"एकदम."

"शेवटचा बार कधी काढला?"

तात्यांनी खरं सांगून टाकलं असतं. पण अमोल शेजारीच उभा होता, आणि अमोलला कळलं म्हणजे टपरीला कळलं.

"परवाच की. लय दांडगा डुक्कर व्हता."

उज्वलाबाईंनी नळीत गज सोडला. रिकाम्या नळीत गज पार तळाला टेकतो. हा चांगला वीतभर बाहेर राहिला. त्यांनी गज वर घेऊन पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"तात्या, ही भरलेली आहे."

मग ठाण्यात एकदम लगबग झाली. दारात उभ्या असलेल्या साहेबांना आतल्या खोलीतलं काम आठवलं. अमोल मागे सरकत सरकत अंगणातल्या लिंबाआड पोचला आणि तिथूनच ओरडला, "तात्या, येताना नळी माझ्या कानाशी व्हती! सगळ्या खड्ड्यांतनं!"

बंदुकीत दारू असणं शक्य नव्हतं. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलं असणार, असं तात्यांनी ताडलं. पण ते सांगायचं म्हणजे बंदूक कधी उडवतच नाही हेही सांगणं आलं.

"हां हां, आठवलं," ते म्हणाले. "परवा बार काढल्यावर परत ठासून ठिवली असंल."

"असेल म्हणजे?"

"हाताला सवय हे, बाई. आपोआप ठासतो."

खिडकीतून साहेबांचा आवाज आला. "भरलेली बंदूक जमा करून घेता येणार नाही."

"मग बार काढून रिकामी करू?" लिंबाआडून अमोलनं विचारलं.

"आचारसंहिता चालू आहे! ठाण्यात बार काढता?"

"मग मळ्यात न्यावी लागंल. मी नाय नेणार."

शेवटी तोडगा उज्वलाबाईंनीच काढला. नळीत पाणी ओतून दारू भिजवायची आणि गजाच्या टोकाला असलेल्या स्क्रूनं बोळा ओढून काढायचा. हे काम कोणी करायचं यावर चर्चा झालीच नाही. तज्ज्ञ समोर उभे होते. त्यांच्या हातात बंदूक आणि तांब्या देऊन त्यांना अंगणात उभं केलं आणि उज्वलाबाईंसकट बाकीचे पोलीस जीपच्या मागे जाऊन उभे राहिले.

इतका वेळ खोटं बोलून आता तात्यांचाच त्यावर विश्वास बसत चालला होता. खरंच भरलेली असली तर? त्यांनी डोळे मिटून तांब्या उचलला आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

"थांबा! बार काढू नका!" बायडाबाई, म्हणजे तात्यांचं कुटुंब, पदर सावरत धावत आल्या. "माझी पोत हाय त्याच्यात!"

उज्वलाबाईंनी जीपमागून येऊन नळीत स्क्रू फिरवला आणि हळूच ओढला. पिवळ्या चिंधीत गुंडाळलेली सोन्याची पोत बाहेर आली.

"बंदुकीत, मावशी?"

"मंग कुठं ठिवू? चोर आधी कपाट फोडत्यात. बंदुकीत कोन हात घालतंय? धुनं धुवून आले तर खुंटीवर बंदूकच नाय. काळजाचं पानी झालं माझ्या."

"पण तात्यांनी तर परवाच बार काढला ना?" उज्वलाबाईंनी विचारलं.

अमोल लिंबाआडून पुढे आला. साहेबही दारात आले. तात्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांची सगळी अब्रू आता तिच्या तोंडात होती.

बायडाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा अमोलकडे.

"काढला ना," त्या म्हणाल्या. "नळी गार झाल्यावर मंग ठिवली मी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तात्यांना बायको एवढी कधीच आवडली नव्हती.

बंदूक जमा झाली, पावती मिळाली. अमोल पुढे गेला आणि दोघं नवरा-बायको रिक्षात बसली. रिक्षा फाटकाबाहेर पडली. मग तात्यांनी हळूच विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"ठाऊक नसतं तर सोनं ठिवलं असतं का आत?"

तात्यांनी मान खाली घातली. बायडाबाईंनी पोत गळ्यात घातली, पदर नीट केला आणि म्हणाल्या,

"आता निकाल लागेस्तवर बॉम्ब वाजवू नका. बंदूक ठान्यात आन बार मळ्यात, लोक काय म्हनतील?"