तारा मंदावल्याबाबत

दूरची वस्तू मंदावली, की दोष त्या वस्तूचाच असतो. कारण दूरची वस्तू हरकत घ्यायला येत नाही.

या तत्त्वावर १९७० साली जतच्या माळावर गॅमा किरण केंद्र उभे राहिले. फार लांबच्या एका ताऱ्याकडून येणारे हे किरण वरच्या हवेतच फुटतात आणि निळसर चमक सोडतात. (फुटायला त्यांनी जतच का निवडले, याचा खुलासा फायलीत नाही.) ती चमक आरशांत धरायची, मोजायची आणि वर्षानुवर्षे तिच्यात काय फरक पडतो ते पाहायचे, एवढेच काम. लष्करातून मोडीत निघालेले सर्चलाइटचे आरसे आणि लष्करातून निवृत्त झालेला जोतीराम एकदमच रुजू झाले. पद : आरसे पुसणार. पुसायची त्याची बायको अंबूबाई. जोतीराम सही करायचा.

१९७३ साली अंबूबाई गेली. त्याच वर्षापासून तारा मंदावू लागला.

केंद्राच्या साहेबांनी आलेख काढला. रेघ उतरतच गेली. तिला ‘दीर्घकालीन घट’ असे नाव मिळाले आणि परदेशातल्या सभेत टाळ्या मिळाल्या. जोतीरामलाही बरे वाटले. एवढा मोठा तारा खचतो, मग आपण दाढी वाढवून बसलो, तर नियमबाह्य काय?

म्हसवडची थोरली बहीण धोंडुबाई मात्र नियम मानत नसे. तिने एक विधवा बाई बघून ठेवली होती.

“जोत्या, तीन वर्सं झाली. बाईमाणसाबिगर घर म्हंजी गोठा. ठरवू का?”

“आक्का, तारा सावरला, की मी बी सावरीन.”

“आन् त्यो कवा सावरायचा?”

“साहेब म्हणत्यात, लाखभर वर्सं तरी न्हाई.”

(मुदत वाजवी होती.)

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी सहज आरशावरून बोट फिरवले. बोट खरखरले.

“जोतीराम, हे कशानं पुसता?”

“राखंनं, साहेब. चाळून घेतो.”

अंबूबाई आरसे स्वतःच्या जुन्या लुगड्याने पुसायची. ती गेल्यावर त्या लुगड्याचे फडके करायला त्याचा हात धजला नाही. चकाकी राखेनेच येते, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. तीस वर्षे त्याने घरातली भांडी लखलखताना पाहिली होती. तिला काही पुसताना कधी पाहिले नव्हते.

नवे आरसे आले. तारा पहिल्याच अमावास्येला पूर्ववत झाला. टाळ्या परत करण्याची सोय नसल्याने साहेबांनी ‘तारा सावरला’ असा दुसरा निबंध लिहिला. त्यालाही टाळ्या पडल्या.

बातमी म्हसवडला पोचली. धोंडुबाई बाईच्या भावालाच घेऊन आली.

“सावरला न्हवं तुजा तारा? ऊठ, दाढी कर.”

“आक्का, तारा मंदावलाच न्हवता. मीच आरसं घासून घासून आंधळं केलं.”

“म्हंजी तुला बी काय झालं न्हवतं?”

जोतीरामने दाढी खाजवली. मग साहेबांकडून शिकलेले एकमेव शास्त्रीय वाक्य त्याने उच्चारले, “निष्कर्षाला अजून येळ हाय.”

भाऊ चहा न घेताच उठला. धोंडुबाई म्हणाली, “आरशाला राख! येवढं बी कळू न्हाई गड्याला?”

वाचकांपैकी ज्या पुरुषांना धोंडुबाईचे म्हणणे पटले, त्यांनी आपल्या घरातली भांडी कशाने घासतात, हे मोरीकडे न बघता आणि बायकोला न विचारता सांगावे.