बाजूच्या दाराची पट्टी

शनिवारी सकाळी अकराच्या गाडीने बायको चार दिवसांसाठी येणार असं बुधवारी कळलं, आणि फोन ठेवल्याठेवल्या वेलांटीभाऊंना मोटारीची पट्टी आठवली.

वेलांटीभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे आणि तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही चुकीची वेलांटी सुटली नव्हती, म्हणून तिथल्या लोकांनी ते ठेवलेलं. बायको बँकेत. दहा महिन्यांपूर्वी तिची बदली झाली ती थेट बारा तासांच्या अंतरावर. फोन रोज व्हायचा, पण बोलणं सगळं टाकीत पाणी चढलं का, दूध नासलं तर नाही ना, अशा वळणाचं. ‘करमत नाही’ हे दोन शब्द भाऊंच्या ओठांपर्यंत रोज यायचे आणि तिथेच तपासणीसाठी थांबून राहायचे.

मोटार वीस वर्षांची. दोघांनी मिळून घेतलेली. बाजूच्या दाराच्या काचेखालून जाणारी काळी पट्टी बायको गेल्यावर महिन्याभरातच सुटली होती. ती धरून ठेवणाऱ्या पाच प्लास्टिकच्या क्लिपांपैकी तीन तुटल्या होत्या. गाडीने जरा वेग घेतला की पट्टीचं सुटं टोक दारावर टकटक आपटायचं आणि दर वेळी भाऊंची मान त्या बाजूला वळायची. तिथली सीट रिकामी असायची. कामाच्या कागदावरचा सुटलेला अनुस्वार ज्यांना झोपू देत नसे, त्या माणसाने ही टकटक नऊ महिने तशीच राहू दिली होती.

पण आता त्या सीटवर माणूस बसणार होतं. गुरुवारी संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन खाली उतरले. पट्टी बाहेर काढायची, क्लिपा बदलायच्या, परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम. उलथनं पट्टीखाली सारून त्यांनी हलकेच उचकटलं, आणि धड असलेल्या दोन्ही क्लिपा एकापाठोपाठ कटकन मोडल्या.

सुट्या भागांच्या दुकानदाराने मोडकी क्लिप उलटसुलट करून पाहिली. ही गाडी निघायची बंद होऊन बारा वर्षं झाली, असं त्याने कुणाच्या तब्येतीची बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं. मग सगळ्या गाड्यांना चालतात म्हणून पाच नव्या क्लिपा काढून दिल्या. त्या सगळ्या गाड्यांना चालत असतीलही, पण भाऊंच्या गाडीची भोकं त्यांच्यापेक्षा केसभर लहान होती. बाहेरून ढकलून जात नाहीत, तर आतून पकडीने ओढून घेऊ, असा विचार भाऊंनी केला. तर्कात चूक नव्हती. त्यासाठी दाराचं आतलं आवरण काढणं आलं. ते काढताना त्याच्या स्वतःच्या चार क्लिपा तुटल्या, आणि आवरणाचे समजून जे दोन स्क्रू सोडवले ते काचेचे निघाले. काच सरसर खाली गेली आणि दाराच्या पोटात दिसेनाशी झाली.

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. हातात उलथनं घेऊन ते दाराकडे बघत उभे होते, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका बाहेर आले. काका बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी आधी दार पाहिलं, मग उलथनं पाहिलं, आणि काही न विचारता बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून काच वर घेतली, स्क्रू परत आवळले, आवरण उरलेल्या क्लिपांवर कसंबसं बसवलं. काच जागेवर आली, पट्टी मात्र भाऊंच्या हातातच राहिली. काकांनी सल्ला दिला, की भंगाराच्या आवारात जा, तुमच्या गाडीची एखादी बहीण तिथे नक्की पडलेली असेल. आणि जुनं प्लास्टिक थंड असताना ओढायचं नसतं, गरम पाणी ओतून आधी मऊ करायचं, हेही सांगितलं.

शुक्रवारी भाऊंनी अर्धी रजा टाकली आणि बगलेत गरम पाण्याचा थर्मास घेऊन आवारात शिरले. बहीण सापडली. रंगही तोच. चाकं नव्हती, पुढची काच नव्हती, पण बाजूच्या दाराची पट्टी जागच्या जागी होती. भाऊ गुडघ्यांवर बसून पट्टीवर पाण्याची बारीक धार सोडू लागले. आवाराचा मालक कमरेवर हात ठेवून ते बघत होता. गाडीला अंघोळ घालणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

“एवढ्याशा क्लिपांसाठी? अख्खं दार घेऊन जा की,” तो म्हणाला.

“दार आमचंच हवं,” भाऊ म्हणाले. “बायको त्याच दाराने बसते.”

पाणी संपलं तेव्हा त्यानेच आतून किटली भरून आणून दिली. पाचपैकी चार क्लिपा सबंध निघाल्या. पाचवी गंजलेल्या पत्र्यात अडकून तुटली.

शनिवारी भाऊ लवकर उठले. दाढी केली, नवा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि जुन्या बनियनवरच खाली उतरले. गरम पाणी, हलका दाब, आणि चारही क्लिपा टक टक करत बसल्या. पाचव्या जागी पट्टीचं टोक तेवढं वर राहिलं. तिथे त्यांनी डिंकासारखा दाट गोंद लावला. ट्यूबवर लिहिलं होतं, ‘वीस मिनिटे दाबून धरावे.’ साडेआठ वाजले होते. भाऊंनी दोन्ही हातांनी टोक दाबलं. दहा मिनिटांनी नाकाला खाज सुटली, ती त्यांनी खांद्याने भागवायला पाहिली, हात हलला, टोक उचललं गेलं. पुन्हा गोंद, पुन्हा पहिल्यापासून. खिशातला फोन वाजला. वाजू दिला. परत वाजला. सोडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून भाऊ दाराला कपाळ टेकवून तसेच वाकून राहिले.

टॅक्सी थांबल्याचा आवाज आला, पण मान वळवायची सोय नव्हती.

“फोन का नाही उचलत?” मागून बायको म्हणाली.

भाऊंना तिच्या चपलाच दिसल्या. “तू अकराला येणार होतीस.”

“आधीची गाडी पकडली. अकरापर्यंत धीर निघेना.”

भाऊंची तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेली होती. पट्टीचं काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तिने बॅग खाली ठेवली, त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि पट्टीवर हात ठेवला. मग तिने सवयीने टाकीत पाणी चढलं का म्हणून विचारलं.

“चढलं,” भाऊ म्हणाले. आणि मग, तपासायला न थांबता, “ही पट्टी वाजायची ना, तेव्हा वाटायचं तू बाहेरून दार वाजवतेयस.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणून इतके दिवस दुरुस्त केली नाहीत?”

“बहुतेक.”

“मग आता कशाला करताय?”

“आता तू आलीस.”

त्यानंतर मात्र बोलणं सुरू झालं. तिच्या खोलीची खिडकी कशी भिंतीवर उघडते, भाऊ दोन माणसांच्या मापाने भात लावून दुसऱ्या दिवशी तोच कसे खातात, ती रविवारी उगीच स्टेशनपर्यंत चालत जाऊन कशी परत येते. फोनवर दहा महिन्यांत न मावलेलं सगळं निघालं. ऊन दारावरून सरकत बॉनेटवर गेलं.

काका दोनदा येऊन गेले होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना राहवलं नाही. “भाऊ, सोडा आता. वीस मिनिटं कधीच झाली.”

“ट्यूबवर चूक आहे,” भाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “वीस नव्हे, चाळीस पाहिजे.”

“असं चुकीचं कसं छापतील?”

“ते तुम्ही मला विचारू नका काका. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं.”

बायकोने पट्टीवरचा हात काढून ट्यूब उचलली, चष्मा वर सरकवला आणि पुढून-मागून सगळं नीट वाचलं.

“आकडा चुकलाय खरा,” ती म्हणाली. “पण चाळीस नाही. साठ असणार.”

तिने ट्यूब खाली ठेवली आणि हात परत जागेवर नेला. ती जागा पट्टीपासून चांगली चार बोटं लांब, भाऊंच्या हातावर होती.