खालच्या लेव्हलचे डोमाजी

तुमच्या डोक्यावरचं छत तुम्ही शेवटचं कधी वाजवून पाहिलं?

हसू नका. निवडणुकीत उमेदवाराला जेवढं तपासता, तेवढंही तुम्ही या छताला तपासलेलं नसेल; आणि उमेदवाराला किती तपासता ते मला ठाऊक आहे.

नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत एक माणूस मात्र असा आहे, जो कुणाच्याही घरात छत वाजवल्याशिवाय टेकत नाही. डोमाजी मेश्राम. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात लांबलचक बांबू होता. आईला वाटलं, जाळी-जळमटं काढणारा कुणी आला. ती "पुढच्या घरी जा" म्हणणार, तोच डोमाजींनी बांबूचं टोक आमच्या माळ्याच्या फळीवर ठोकलं. ठक्. दोन पावलं सरकून पुन्हा ठक्. कान तिरपा, डोळे मिटलेले. माळ्यावरची जुनी धूळ सावकाश खाली आली आणि चुलीवरच्या वरणात जाऊन बसली.

"ढोल नाही वाजत," ते समाधानानं म्हणाले. "हँगवाल टाइट हाये. आता बसतो."

"माह्यं वरण गेलं ना!" आई कडाडली.

"वरन जाऊ दे वं बाई. मानूस राह्यला."

डोमाजी सोन्याच्या खाणीत टिंबरमन होते. खणून पोकळ झालेल्या जागेला लाकडाचे टेकू देणारा तो टिंबरमन. पाळी सुरू होण्याआधी लोखंडी सळईनं डोक्यावरचा खडक वाजवून पाहायचा, हा तिथला नेम. खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट. ढोलासारखा आला तर तो सुटलेला. त्याला आपण पाडायचं, नाहीतर तो आपल्याला पाडतो. या डोक्यावरच्या खडकाला म्हणायचं हँगिंग वॉल आणि पायाखालच्याला फूट वॉल. डोमाजींच्या तोंडी हँगवाल आणि फुटवाल.

डोमाजी मूळचे खाप्याकडचे. ऐन तारुण्यात मँगनीजच्या खाणीवर टोपल्या वाहत होते. कुणीतरी सांगितलं, दक्षिणेत जमिनीखाली उतरून सोनं काढतात, माणसं पाहिजेत. गेले, ते उभं आयुष्य तिकडेच. इकडे नागपुरात आमच्या आईबापांनी दीक्षा घेतली, पांढऱ्या कपड्यांनी मैदान भरून गेलं, तेव्हा डोमाजी जमिनीच्या पोटात होते. बातमी त्यांना खालच्या लेव्हलवर कळली. खाणीत एकाखाली एक मजले असतात, त्यांना लेव्हल म्हणतात.

"मंग म्या तिथंच टोपी काहाडली आन् हात जोडले," ते सांगतात. "वरचं मैदान काही पाह्यलं नाही. म्हनून नोकरी सुटली तवा ठरोलं, आता राहाचं तं नागपुरातच."

मी पत्रकं वाचून वाढलेला माणूस. मला अक्षरओळख झाली ती भिंतीवरच्या घोषणांनी. साहजिकच मी त्यांना गाठून विचारलं, "डोमाजी, तुम्ही सोनं किती पाहिलं?"

"सोनं? खानीत सोनं दिसत नाही गा लीडर. गोटाच दिसते." मला ते लीडर म्हणतात, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. "गोटा वरते जाते, दळल्या जाते, धुतल्या जाते, मंग सोनं दिसते. ते पाहाले साहेब राह्यते."

"आणि तुमच्या वाट्याला काय आलं?"

ते उत्तर देणार होते. पण त्यांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. छातीत कुणी पत्रा घासावा तसा आवाज. थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. उत्तर मिळालं होतं. दगडाची धूळ! सोनं कुणाच्या गळ्यात गेलं आणि धूळ कुणाच्या, यावर माझं एक जळजळीत पत्रक तिथंच तयार झालं.

पण डोमाजींना पत्रकात रस नव्हता. त्यांना रस होता शब्दांत. गल्लीतल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी खाणीचं नाव दिलेलं. आमचा रस्ता म्हणजे ड्राइव्ह, कारण तो सोन्याच्या शिरेसारखा सरळ धावतो. त्यांच्या खोलीकडे जाणारा आडवा बोळ म्हणजे क्रॉसकट. जिथे खरं काम चालतं, माल निघतो, तो स्टोप, म्हणजे स्वयंपाकघर. चाळलेल्या पिठातला कोंडा, गाळलेल्या चहाचा चोथा, चुलीतली राख, हे सगळं टेलिंग: सोनं काढून घेतल्यावर उरलेला गाळ. नळाखालची टाकी म्हणजे संप, खाणीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा. एकदा आईनं त्यांना झणझणीत रस्सा वाढला. त्यांनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अ‍ॅसे करून पाहातो." सोनं असलेला गोटा म्हणजे ओर, आणि त्यात सोनं किती ते तपासणं म्हणजे अ‍ॅसे. मग नाकाडोळ्यांतून पाणी काढत त्यांनी निकाल दिला, "फर्स्ट क्लास ओर! मिरची भिवापूरची हाये काय वं?" आई त्या दिवसापासून वरण विसरली.

मे महिन्याच्या दुपारी मी त्यांच्या दारात जाऊन बसे. दाराला ओलं पोतं लटकलेलं, बाहेर रस्ता उन्हानं थरथरणारा. नागपूरचं ऊन त्यांना प्रिय होतं. "हे काहीच नाही गा. खालच्या लेव्हलवर गोट्याले हात लावला तं चटका बसे. डोये मीट."

मी मिटत असे. मग त्यांचा आवाज हळूहळू खाली उतरायचा. केजमध्ये, म्हणजे पाळण्यात, माणसं दाटीनं उभी. घंटी वाजते. पाळणा सुटतो आणि उजेड वर निघून जातो, पतंगासारखा. खाली ओल्या लाकडाचा वास. टेकू कुरकुरतात. "लाकूड बोलते गा, पयले लाकूड बोलते, मंग डोंगर बोलते." पाण्याचा थेंब कुठंतरी पडतो. कपाळावरच्या दिव्यात भिंतीचा गारगोटीचा पट्टा पांढुरका चमकतो आणि नदीसारखा अंधारात पुढे पुढे जातो. मला वाटायचं, आपण या गल्लीत नाहीच. वर कुठंतरी दुसरं नागपूर आहे, तिथे सायकली चालल्या आहेत, संत्री विकली जात आहेत, आणि आपण सगळे त्याच्या खाली, एका लांब, उबदार अंधारात एकमेकांच्या श्वासावर चालतो आहोत. डोळे उघडले की समोर पोतं, आणि पोत्यापलीकडे भिंतीच्या सावलीत तांदूळ निवडत बसलेली मुनियम्मा.

मुनियम्मा त्यांची बायको. तमिळ, सोन्याच्या खाणीच्या वस्तीतच जन्मलेली. नवऱ्याच्या हट्टापायी नागपूरला आली आणि मुकी झाली. आल्या आल्या तिनं नळावर दोन मराठी शब्द बोलून पाहिले होते. बाया हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. तिची ट्रंक खाटेखाली भरलेली होती. दिवाळीच्या सुमारास भाचा तिला न्यायला येणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"येड्या मानसासंग कोनती बाई राहीन?" समोरच्या चंद्रभागाबाई म्हणायच्या. गल्लीचंही मत तेच.

आणि वेड तर वाढतच होतं. त्या पावसाळ्यात डोमाजींनी गल्लीला खाणीची भाषा शिकवायला घेतली. दूधवाल्याला अडवून विचारायचे, "आपुन कुठं उभं हाओ?" तो "ड्राइव्ह" म्हणेपर्यंत सायकलचं हँडल सोडायचे नाहीत. नळावर बादली घेऊन आलेल्या बाईला, "पानी कायच्यात साचते?" पोरांना हे आवडलं, ती दिवसभर "हँगवाल! फुटवाल!" करत नाचायची. शाळामास्तरांनी स्टोपचा अर्थ सांगितला नाही म्हणून डोमाजी त्यांच्या दारात बसून राहिले. चंद्रभागाबाई तेवढ्या बधल्या नाहीत.

"काहून शिकू मी? मी काय सोनं खोदाले जातो काय?"

"शिकून ठेव ना वं. कामी येते."

"माह्या कोन्या कामी?"

डोमाजी बांबू उचलून चालू लागत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मला हे शिकवणं मान्य होतं. शब्द मान्य नव्हते. गोऱ्या मालकांचे शब्द आमच्या गल्लीत कशाला? मी तीन ग्रंथालयं पालथी घातली आणि पत्रक लिहिलं: 'साहेबाच्या भाषेतून कामगाराची सुटका'. हँगिंग वॉलला ऊर्ध्वस्थ शिलाभित्ती. स्टोपला खनिजोत्खनन कक्ष. मोठ्या अभिमानानं मी ते डोमाजींना वाचून दाखवलं.

"ऊर्ध्व..." त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "ऊर्ध्वस्थ शिला..." इथे दम लागला. थोडं पाणी प्यायले. "लीडर, एवढं बोंबलेपर्यंत खालचा मानूस दबन ना गा."

"सवयीनं येईल. पण मालकाचे शब्द काहून सांभाळता?"

"मालकाचे कुठं? मालक तं खाली उतरतच नव्हता." मग त्यांनी पोत्याच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि आवाज उतरवला. "आन् हे तुहे शब्द तिले येत नाही."

मी पाहिलं. मुनियम्मा सुपातले खडे वेचत होती.

"आमच्या दोघाईत भाषाच नाही गा," डोमाजी म्हणाले. "लगन झालं तवा तिची बोली मले येत नव्हती, माही तिले. ते शिकली नाही, मी बी नाही. खानीचे शब्द दोघाईले येत होते. साऱ्या वस्तीले येत. तेवढ्यावर संसार केला."

"भांडणसुद्धा?"

"भांडन तं त्याच्यातच! रागावली का म्हने, ब्लास्टिंग. मी दूर जाऊन बसो." ते हसले, खोकले, पुन्हा हसले. मग बांबूच्या पेरांवरून हात फिरवत राहिले. "डॉक्टर म्हनते, फेफडे गोटा होऊन राहिले. भाचा दोघाईले नेतो म्हनते, पर मले नागपूर सोडवत नाही. आन् तिले थांब कसं म्हनू? ते इचारते, इथं कोनासंग बोलू? बरोबर इचारते ना गा. आज मी हाओ. माह्या मागं कोन बोलन तिच्यासंग? म्हनून गल्लीले शिकवून राहिलो. दोन मानसं बी शिकले तं ते राहीन."

पत्रक माझ्या हातात होतं. ते मी छापायला दिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर भाचा आला. शांत, नेटका मुलगा. मावशीच्या पायाशी बसून बोलायचा तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. तिच्या तोंडून एवढे शब्द गल्लीनं कधी ऐकले नव्हते. डोमाजींनी तिला थांब म्हटलं नाही. सकाळी त्यांनीच ट्रंक बोळाच्या तोंडाशी आणून ठेवली, दोनदा श्वास घ्यायला थांबून. ते स्वतः येणार नव्हते. सायकलरिक्षा उभी होती. मुनियम्मा नवी साडी नेसून बाहेर पडली.

नळावर रांग होती आणि नळाला पाणी नव्हतं. बाया रिकाम्या बादल्या घेऊन बघत होत्या. निरोप द्यायचा तर काय बोलायचं, कुणालाच सुचेना. तेवढ्यात चंद्रभागाबाई, त्या कधीही न बधलेल्या चंद्रभागाबाई, आपली घागर कमरेवर सावरत म्हणाल्या,

"मुनीबाई, संप ड्राय हाये वं आज. एक थेंब नाही."

मुनियम्मा थांबली. तिनं टाकीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. मग ती बोलायला लागली. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, मधे तमिळ, पुन्हा लेव्हल, लीक, शिफ्ट, हात वर, हात खाली. पंपावरचा माणूस झोपला असणार, असं काहीतरी. कारण तिनं गालाखाली हात घेऊन घोरून दाखवलं.

"हाव ना! मी बी तेच म्हंतो!" चंद्रभागाबाई पेटल्या. "झोपतेच तो मेला!"

दुसरी बाई म्हणाली, काल तर चहापुरतंही नव्हतं. मुनियम्मानं तिच्या बादलीच्या तळाचा गाळ पाहिला, नाक मुरडलं, "टेलिंग," म्हणाली. बाया खदखदल्या आणि त्यांच्यात तिचाही आवाज होता. रिक्षावाल्यानं घंटी वाजवली. भाच्यानं मावशीला हाक मारली. मुनियम्मानं मान न वळवता एक हात वर केला.

"नेक्स्ट शिफ्ट."

भाचा समजला. दोन दिवस राहून, फराळ करून तो एकटाच गेला. आता तोच दरवर्षी येतो आणि येताना मावशीसाठी कॉफी आणतो.

त्या सकाळी मी नळावरून मागे वळून पाहिलं तेव्हा डोमाजी बोळात ट्रंकेवर बसले होते, दुपट्ट्यात तोंड खुपसून.

"खोकला हाये गा," ते म्हणाले.

खोकला ऐकू येत नव्हता.

आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. श्वास जपून वापरतात. खाटेवर पडून नळावरची बडबड ऐकतात, तास न् तास, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या मे महिन्यातल्या दुपारींचा तो उबदार अंधार उतरलेला असतो.

सरकारकडे माझ्या मागण्या पुष्कळ आहेत. त्या मी वेगळ्या कागदावर लिहीन. ही एक तुमच्याकडे. तुमच्याही वस्तीत एखादं दार असेल, जिथली बाई किंवा म्हातारा कुणाशी बोलत नाही, कारण त्यांची बोली कुणाला येत नाही. आज संध्याकाळी तिथे जा. काही शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडून एक शब्द मागून घ्या. मिठाचा, पावसाचा, कशाचाही. रात्रभर तो जवळ ठेवा. आणि उद्या सकाळी, भेट झाल्यावर, सगळ्यांच्या आधी तो बोला.