कूलर बंद करून पाहिलेला सिनेमा

होणाऱ्या व्याह्याचा पहिला फोन आला की माणसाने एकच पथ्य पाळावं. जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्यावं, नाहीतर उत्तरच देऊ नये, आणि फोन ठेवून द्यावा. अमरावतीच्या देवीदास काळमेघांना हे जमायला हरकत नव्हती. एकोणतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती, आणि उत्तर न देण्यात तर त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. पण पोरीच्या लग्नाची गोष्ट निघाली की भल्याभल्यांची मती गुंग होते, तिथे देवीदासांचं काय घेऊन बसलात!

त्यांची आकांक्षा एकुलती एक. पुण्यात नोकरीला. तिथेच तिला अकोल्याचा अश्विन म्हैसने भेटला आणि दोघांनी एकमेकांना पसंत केलं. आता फक्त दोन घरांनी एकमेकांना पसंत करायचं राहिलं होतं. (म्हणजे खरं अवघड काम राहिलं होतं.) अश्विनचे वडील शेषराव, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फोनवर ख्यालीखुशाली विचारली, पाऊसपाण्याचं बोलणं झालं, आणि मग ते अदबीने म्हणाले, "अश्विन सांगत होता, तुम्हाला ते अंतराळातले, संथ, चिंतनशील सिनेमे फार आवडतात म्हणे?"

देवीदासांनी टॉकीजमध्ये शेवटचा पाहिलेला सिनेमा म्हणजे एक माणूस एका हाताने ट्रक थांबवतो तो. त्यातही ट्रक थांबल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण शेषरावांचा आवाज इतका आदराचा होता, की देवीदासांना वाटलं, ही नक्कीच या माणसाची स्वतःची आवड आहे. आपण नाही म्हटलं तर पोरीचा बाप अडाणी ठरेल.

"आवडतात म्हणजे?" देवीदास म्हणाले. "त्याच्याशिवाय मी दुसरं काही पाहतच नाही."

"वा! मग महिन्याभराने बैठकीला या, तेव्हा आपण सगळे मिळून एक पाहूच."

फोन ठेवला आणि देवीदासांनी पुण्याला फोन लावला.

"आकांक्षा, हे काय सांगून ठेवलं तूनं?"

"बाबा, अश्विनला आवडतात हो असे सिनेमे. पहिल्या भेटीत मी आपलं बोलून गेले, की माझ्या बाबांना पण आवडतात. आता तुम्ही थोडे बघून घ्या ना. मी नावं पाठवते."

तिने तीन नावं पाठवली. सोबत चर्चेत टाकायला तीन वाक्यंही पाठवली. 'यात काळच नायक आहे.' 'इथे मौन हाच संवाद आहे.' आणि 'प्रश्न महत्त्वाचा, उत्तर नाही.'

पहिल्या रविवारी दुपारी देवीदास टीव्हीसमोर बसले. त्यांची बायको जमुनाबाई खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. पडद्यावर एक माणूस यानातल्या खुर्चीवर बसला होता.

"अवो, टीव्ही अटकला काय?"

"नाई. तो इचार करून राह्यला."

"कायचा?"

"तेच तं पाहून राह्यलो."

"मंग तवरिक मी भाजी घेऊन येतो."

जमुनाबाई बाजारात गेल्या. वांगी घेतली, सांभार (म्हणजे कोथिंबीर) घेतला, त्यावरून भाजीवालीशी भांडल्या, समेट झाला, वाटेत एका मैत्रिणीच्या सुनेची हकीकत ऐकली आणि घरी आल्या. तो माणूस अजून विचारच करत होता, पण दुसऱ्या खुर्चीवर. आणि टीव्हीसमोर, आरामखुर्चीत, देवीदास घोरत होते.

दुसऱ्या रविवारी ते सतराव्या मिनिटाला झोपले, तिसऱ्या रविवारी बाराव्या. ही प्रगती उलट्या दिशेची होती. मग त्यांनी निदान वाक्यं तरी पाठ करायची म्हणून तोंडात घोळवायला सुरुवात केली. एकदा कचेरीत खिडकीशी एक अर्जदार येऊन उभा राहिला, तेव्हा नकळत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्रश्न महत्त्वाचा, उत्तर नाही."

"ते तं मी तीन वर्षांपासून पाहून राह्यलो, साहेब," अर्जदार म्हणाला.

देवीदास पार खचले. पोरीचं लग्न आपल्या झोपेपायी मोडणार, या एका विचाराने त्यांना रात्रीची झोप लागेना. (दुपारची मात्र, सिनेमा लावला की, हमखास लागे.)

एप्रिलातल्या एका रविवारी ते जमुनाबाईंना आणि थोरल्या भावाला, खुशालरावांना, घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. खुशालराव अंजनगाव सुर्जीचे कास्तकार, म्हणजे शेतकरी. त्यांच्याशिवाय काळमेघांच्या घरातली सोयरीक जुळत नसे. बसमध्ये देवीदासांनी त्यांना भीत भीत सिनेमाचं सांगितलं.

"बैठकीत सिनेमा?" खुशालरावांनी भुवया चढवल्या.

"व्याह्याची आवड हाय, भाऊ."

"मंग पाहाच लागते. सोयऱ्याच्या घरी पुढं आलेलं ताट मांगं सारत नाई."

आकांक्षा आणि अश्विन पुण्याहून परस्पर आले होते. म्हैसन्यांच्या घरी आधी खरंखुरं ताट पुढे आलं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तुपाची धार, वांग्याची झणझणीत भाजी, आणि वर दुर्गाबाईंचा, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंचा, आग्रह. चौथ्या रोडग्याला देवीदासांच्या पापण्या जड झाल्या. मग खिडक्यांना चादरी लावल्या. गाद्यांवर म्हैसन्यांच्या भावकीतले तेरा जण बसले. अश्विनने टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. "हा कुठेच मिळत नाही, काका. मित्राकडून आणलाय. मी पण अजून पाहिला नाही, तुमच्यासोबत पाहायचा म्हणून ठेवला." पोराचा चेहरा असा उजळला होता, की देवीदासांना त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

इतक्यात शेषराव उठले आणि त्यांनी कूलर बंद केला.

खोलीतून एक कण्हल्यासारखा आवाज निघाला. एप्रिलमधल्या अकोल्यात, दुपारी दोन वाजता, पाहुण्यांसमोर कूलर बंद करणारा माणूस आजवर झाला नसेल. "यातली शांतता नीट ऐकू आली पाहिजे," शेषराव देवीदासांकडे पाहून आदराने म्हणाले. देवीदासांनी मान डोलावली. दुसरं काय करणार!

सिनेमा सुरू झाला. दूर कुठल्या ग्रहावर एका ठाण्यात एकच माणूस राहतो. बाहेर नजर पोचेल तिथवर काळी, उघडी जमीन. ती जमीन पाच मिनिटं दिसत राहिली.

"देवीदास," खुशालराव कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले. "जमीन कोठची हाय थे?"

"दुसरा ग्रह हाय, भाऊ."

"ग्रह असो का अंजनगाव असो, माती कसदार हाय. हा गडी एकटा रिकामा बसून राह्यला, अन् पडीत ठेवली काहून?"

"पाणी कोठी हाय पण?" मागून म्हैसन्यांचे एक काका म्हणाले.

"कोरडवाहू तूर तं येते!"

"तूर नको, हरभरा घ्यावा."

शेषरावांनी घामेजल्या तोंडावर बोट ठेवलं. चर्चा तूर की हरभरा इथे स्थगित झाली.

पडद्यावरच्या माणसाने एका यंत्रावर पृथ्वीला प्रश्न पाठवला, 'मी परत येऊ का?' प्रश्न पोचायला सहा वर्षं आणि उत्तर यायला सहा वर्षं. मग तो रोज सकाळी उठे, यंत्रापाशी जाई, दिवा लागला का ते पाही, त्यावरची धूळ पुसे आणि परत येई. एवढंच. पुन्हा सकाळ, पुन्हा यंत्र, पुन्हा धूळ.

देवीदास मिनिटं मोजायला बसले होते. तीन वाक्यं जिभेवर तयार होती. पण तो माणूस सातव्यांदा की आठव्यांदा धूळ पुसायला लागला आणि देवीदासांच्या छातीत काहीतरी हललं. (आधी त्यांना वाटलं, रोडगा.) त्यांच्या खिडकीशी परतवाड्याचा एक म्हातारा दर सोमवारी येत असे. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. "आलं काय उत्तर, साहेब?" आणि देवीदास मान वर न करता म्हणत, "वरून आलं नाही." कितीतरी सोमवार. मग कधीतरी तो यायचा बंद झाला, आणि तो यायचा बंद झाला हे देवीदासांना आज, इथे, म्हैसन्यांच्या गादीवर बसून कळलं.

आणि आकांक्षा! पुण्याला गेल्यापासून रोज संध्याकाळी ते तिला एकच निरोप पाठवत, 'जेवली का?' निळ्या खुणा उमटत. उत्तर कधी दुसऱ्या दिवशी येई, कधी नुसता अंगठा येई. पोर वाईट नव्हती, तिला वेळ नव्हता. पण देवीदास तो फोन किती वेळा हातात घेऊन बघत, ते त्यांनी जमुनाबाईंनाही सांगितलं नव्हतं. हे त्या परग्रहावरच्या माणसाला कसं ठाऊक?

देवीदास रडत होते. खोलीत सगळ्यांचेच चेहरे ओले होते, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. त्यांना झोप आली नाही, उकडलं नाही, तीन वाक्यं तर पार विसरली. हा सिनेमा संपूच नये असं त्यांना वाटत होतं.

आणि यंत्रावरचा दिवा लागला. उत्तर आलं! तो माणूस खुर्चीतून उठला, अगदी सावकाश चालत यंत्रापाशी गेला, त्याने हात पुढे केला...

टीव्ही बंद झाला. रिमोट शेषरावांच्या हातात होता. त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि कॉलेजातली मराठी त्यांना सोडून गेली होती.

"व्याही, माफ करा, पण मले आता नाई होत! तुमाले आवडते म्हणून महिनाभरापासून असे सिनेमे पाहून राह्यलो मी. डोकं भणभण करून राह्यलं. तुमीच सांगा, इमानदारीनं सांगा, हे बंडल नाई काय?"

तेरा म्हैसने देवीदासांकडे पाहू लागले. दुर्गाबाईंचा हात कूलरच्या बटणाशी जाऊन थांबला होता. आकांक्षा पाहत होती. अश्विनही पाहत होता, मोठ्या आशेने. 'पुढचं लावा' हे दोनच शब्द देवीदासांच्या गळ्यापर्यंत आले. पण ते म्हटलं, तर एवढी माणसं पुन्हा या भट्टीत बसणार, आणि उद्या भावकीत बोभाटा होणार, की पोरीचा बाप डोक्याने जरा कमी आहे.

"बंडल!" देवीदास म्हणाले. "एकदम बंडल! मी तं तुमच्यासाठीच पाहून राह्यलो होतो!"

मग जो हशा उसळला! शेषरावांनी देवीदासांना कडकडून मिठी मारली. कूलर सुरू झाला, तोंडात साखर पडली, साक्षगंधाची तारीख निघाली. (पुण्याकडचे याला साखरपुडा म्हणतात.) अशी झटपट बैठक दोन्ही घराण्यांत कधी झाली नव्हती. फक्त अश्विन हळूच म्हणाला, "काका, तुम्हालाही नाही आवडला?" देवीदासांनी त्याच्या खांद्यावर नुसतं थोपटलं. त्यांना तोंड वर करवेना.

"पण उत्तर काय आलं मंग त्याले?" खुशालराव विचारत होते. कूलरच्या आवाजात कोणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर देवीदासांनी अश्विनला फोन लावायला चारदा नंबर काढला आणि चारदा ठेवला. ज्याला बंडल म्हटलं, त्याचा शेवट कोणत्या तोंडाने मागायचा? शेवटी साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी शेषरावांनाच आडून आडून विचारलं, तो पेन ड्राइव्ह कुठे असतो हल्ली?

"फोटोग्राफरले देला ना! ते बंडल पुसून टाकलं अन् आजची शूटिंग त्याच्यातच घ्याले सांगतली. बरं केलं ना?"

"लय बरं केलं," देवीदास म्हणाले. तेवढ्यात बायका आकांक्षाला ओवाळायला घेऊन गेल्या आणि देवीदास हॉलच्या दाराशी एकटेच उरले.

पंधरा दिवसांनी ती शूटिंग अमरावतीला आली. तीन तास पन्नास मिनिटांची. रविवारी सकाळी घर नातेवाइकांनी भरून गेलं. पंगतीत वरण वाढलं जात होतं ते अकरा मिनिटं चाललं, कोणी हललं नाही. एक रिकामी खुर्ची पाच मिनिटं दिसत होती, तीही लोकांनी मन लावून पाहिली. "आता इथं अंजनगावची मावशी येऊन बसते, पाहा," जमुनाबाई म्हणाल्या, आणि सगळे श्वास रोखून मावशीची वाट पाहू लागले.

तिसऱ्या तासाला फोटोग्राफर बहुधा कॅमेरा सुरूच ठेवून चहाला गेला होता. पडद्यावर हॉलचं दार आलं, आणि दारात एकटे देवीदास. आत पोरीला ओवाळत होते, आणि ते तिकडे पाहत उभे होते. गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं. एक मिनिट गेलं. पडद्यावरच्या देवीदासांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा आत पाहिलं. दुसरं मिनिट गेलं. पुन्हा चष्मा काढला.

आरामखुर्चीत देवीदास ताठ बसले. हेच ते! हेच त्यांना त्या दिवशी अकोल्यात सगळ्यांना सांगायचं होतं.

"हे काय, खांबासारखे उभे राह्यले नुसते!" जमुनाबाई रिमोट शोधत म्हणाल्या. "यात काईच होऊन नाई राह्यलं. पुढं सरकवा, बापा."

"जमुना, थांब. एवढं राहू दे."

पण बटण दाबलं गेलं होतं. पडद्यावरचे देवीदास आठपट वेगाने चष्मा काढू लागले, पुसू लागले, घालू लागले, मान आत, मान बाहेर, चष्मा काढ, चष्मा घाल. अख्ख्या साक्षगंधात हसली नव्हती इतकी माणसं आता हसली. खुशालरावांना तर ठसका लागला. डोळे पुसत ते जमुनाबाईंना म्हणाले, "सूनबाई, हे पुन्हा लाव. पण असंच पळवत लाव!"