छातीभर पाण्याचा वैद्य

आमच्या खाडीकाठच्या सोनूभाऊला माणसं दिसत नसत, पाण्याची खोली दिसे. कुणी जरा लंगडत समोरून आला, की हा न विचारता निकाल देई, "हेका कमरेभर." सांधे धरलेल्या म्हातारीला "छातीभर", घोटा मुरगळलेल्याला "ढोपराभर". एकदा देवळात प्रवचन फार लांबलं, तेव्हा हा भर सभेत बुवांकडे बघून म्हणाला, "हेका नाकाच्या वर."

मुंबईच्या एका इस्पितळात तो वॉर्डबॉय होता. लुळ्या पेशंटांना गरम पाण्याच्या हौदात उतरवायचं आणि धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण गावी परतला तो थेट सिव्हिल सर्जनच्या तोऱ्यात, आणि खाडीच्या पाण्यात उतरवून लोकांवर इलाज करू लागला. ताप, जखम किंवा पोटात जेवण असलेल्याला तो लांबूनच हाकलून देई. छातीचं दुखणं असेल तर "आधी डॉक्टराची चिठ्ठी घेवन ये." भरती पुरी होऊन पाणी थांबलं, की तेवढ्यातच काय तो इलाज. त्यामुळे वेळ रोज बदले. मी शाळामास्तर, म्हणून शाळेच्या वेळेची अडचण सांगितली, तर म्हणे, "समुद्राक तुझ्या शाळेची घंटा आयकाक येना नाय." असा उद्धट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि ह्याच माणसाच्या हाती मला माझ्या वडिलांना सोपवावं लागलं! आबांची डावी बाजू लुळी पडली होती. वैशाखात बहिणीचं लग्न. मांडवात स्वतःच्या पायांनी जाऊन कन्यादान करायचं, हा आबांचा ध्यास. नाहीतर ते काका करणार होते.

पहिल्या दिवशी सोनूभाऊने आबांची मान एका हातावर घेतली, दुसरा हात कमरेखाली घातला आणि त्यांना पाण्यावर निजवलं. "आंग ताठ करू नको. पाण्याक वजन दी, तां घेता." घरी दोघांनी उचलावा लागणारा पाय हळूहळू वर आला. पाण्यात वस्तू हलकी होते, हे मी सातवीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. तरी मला रडू फुटलं.

"मास्तरा," तो खेकसला, "खारा पाणी हयसर भरपूर आसा. तुझा नको."

चैत्रात आबा छातीभर पाण्यात पावलं टाकू लागले, मग कमरेभर, मग ढोपराभर. जमिनीवर कधी, असं विचारलं की उत्तर एकच, "अजून नाय." लग्नाला आठ दिवस राहिले, तरी "अजून नाय". काकांनी तर सोवळं धुऊन ठेवलं. हा माणूस शुद्ध भोंदू आहे, असं मी घरी सांगून टाकलं.

एक दिवस शाळा लवकर सुटली, म्हणून मी खाडीवर गेलो. बघतो तर आबा कोरड्या वाळूत, काठी काखेत मारून, विडी पेटवायला सोनूभाऊच्या चुलीकडे निघालेले! मला बघताच ते मटकन खाली बसले. मी सोनूभाऊवर तुटून पडलो.

"हे कधीपासून?"

"पंधरा दिस झाले."

"मग अजून नाय, अजून नाय, काय लावलंस?"

त्याने ओला पंचा पिळला. मग म्हणाला, "बरो झाल्लो माणूस परत येना नाय रे. बाजारात गाठ पडली तरी तोंड फिरयता. तुझो बापूस माझ्यावांगडा बसान गप्पा-गजाली करता. लग्नाक सोडणारच होतंय मी."

खोटं नव्हतं ते. ज्याच्या हातावर लंगोटीत तान्ह्या पोरासारखे तरंगलो, त्याला बाजारात चारचौघांत ओळख कोण दाखवणार? आम्ही लोक भारी अब्रूदार.

"त्याका बोलू नको," वाळूतून आबा म्हणाले. "माका सगळा म्हायत होता."

आबांनी उभं राहून कन्यादान केलं. आमंत्रण देऊनही सोनूभाऊ आला नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आबा घरात दिसेनात. शोधत खाडीवर गेलो, तर एवढी वाट चालत आलेले आबा पाण्याच्या कडेला बसून कण्हत होते. "सोनू, पाय परत धरलो रे."

सोनूभाऊने पाय चाचपला. त्या पायाला काही झालेलं नाही, हे त्याच्या बोटांना कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

"कोणी सांगल्यान तुका लग्नात नाचाक?" तो ओरडला. "चल, उतर."

आबांनी त्याच्या हातावर मान टाकली आणि डोळे मिटले.